डेड स्टॉक

गोठा, पक्का, एक.
छताच्या पाटिया चौसष्ट, पैकी नऊ तडकलेल्या.
लोखंडी कड्या अकरा.
दगडी हौद एक, त्यात जुन्या एक्स-रे फिल्मा
आणि मेलेली पाल.
शेरा: निरुपयोगी.
खाली माझी सही, की उद्या सकाळी मशीन येणार.

ग्वाल्हेरबाहेर, मुरार ओलांडून, वेड्यांच्या इस्पितळाला
हा गोठा कुणी बांधून दिला
ते रजिस्टरच्या पहिल्या पानावर होतं.
पहिलं पान वाळवीनं वाचलं.
दुसऱ्यापासून म्हशी आहेत:
भदावरी, तांबूस, पाय गव्हाच्या काडाच्या रंगाचे,
दूध बेताचं, लोणी भरपूर.

पहाटे बराकीचं कुलूप काढून सहा जणांना गोठ्यात सोडत.
काम हेच औषध, असं मोठे डॉक्टर म्हणत.
औषधाला पगार नसतो.
छिद्दू काछी चारा कापायचा, प्रत्येक पेंढीची माफी मागून.
शेण काढायचा तो मुका,
रजिस्टरातही त्याचं नाव ‘मुका’.
आणि धार काढायची गेंदा.

गेंदा. वय अंदाजे तीस. गाव सांगत नाही.
आणणारा: पोलीस.
घेऊन जाणारा: हा रकाना एकतीस वर्षं कोरा,
मग त्यात नगरपालिका.
माणसाचा हात लागला तर ती किंचाळायची.
म्हशीनं चाटलं तर नाही.

पुढे शेर खोडून लिटर आले.
पुढे डेअरीचं दूध स्वस्त पडू लागलं.
अठ्ठ्याहत्तर साली लिलाव झाला तेव्हा
माझ्या नोकरीचं चौथं वर्ष, अनुकंपेवर मिळालेली.
शेवटची म्हैस फाटकात बसली ती उठेना.
चौघांनी शेपूट पिळली.
गेंदानं येऊन कानात काहीतरी सांगितलं,
आणि ती उठली, गेली.
हे कुठल्या रकान्यात भरायचं मला तेव्हा कळलं नाही.

मग गोठ्यात मोडक्या खाटा. एका निवडणुकीत मतपेट्या.
विजेचे झटके द्यायचं जुनं यंत्र, त्याच्या पेटीत उंदरांचं बाळंतपण.

आज मोजणीसाठी खाटा ओढल्या,
तर मागे भिंत, खिळ्यानं कोरलेली.
उभ्या रेघा चव्वेचाळीस.
मग वीतभर जागा सोडून आणखी आठ.

मी जुनी पानं उलटली.
आवक चव्वेचाळीस शेर. दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस.
माघात, जेठात, लू चालू असताना, चव्वेचाळीस.
कुठलीच म्हैस वर्षभर सारखं दूध देत नाही.
आमच्या रजिस्टरातल्या देत.

त्या आठ रेघांवर चित्रं होती.
चारांवर मिशी.
अडीचांवर दोन नळ्या, डॉक्टर कानात घालतात तशा.
उरलेल्या दीडवर
एक किल्ली.

स्टोअरकीपर तेव्हा माझे वडील.

आमच्याकडे सकाळी मागच्या दारानं चरवी यायची,
वर झाकण, झाकणावर ओला फडका.
बोटभर जाड साय.
आई म्हणायची, पी, भदावरीचं आहे, अंगी लागेल.
लागलं.
चौथीच्या वर्गात मी सगळ्यांत उंच होते.
बराकीत त्या साली काय प्यायला देत
ते रजिस्टरात आहे. मी बघितलं नाही.

‘निरुपयोगी’वर मी रेघ मारली.
त्याच्या जागी काय लिहावं ते सुचेना.
बाहेर ज्युनिअर इंजिनिअर मोटारसायकलला टेकून,
‘मैडम, साइन कर दीजिए, धूप चढ़ रही है.’

कमरेला जुडगा, वडिलांचाच.
त्यात एक लांब दांड्याची किल्ली आहे,
तिचं कुलूप केव्हाच हरवलं,
सवयीनं मी ती काढली नव्हती.
ती मी भिंतीवरच्या किल्लीशेजारी धरली.
तीन दात, मधला आखूड.

गेंदानं मधला आखूडच काढलाय.